मागच्या भिंतीची रुई

३ मार्च

छोटे,

मुंगी न्हाणीघरात आहे. साबणाचे फुगे करण्यात तिचा बराच वेळ जातो, तेवढ्यात हे पत्र उरकते. फोनवर मला तुझ्याशी धड बोलताच येत नाही. ही बया माझ्या मांडीवर बसून फोनला कान लावते, आणि तू ‘ती जेवते का गं?’ विचारलंस की माझ्याआधी हीच ‘हो’ म्हणून मोकळी होते. म्हणून ठरवलं, तिच्यासमोरचं फोनवर आणि तिच्यामागचं कागदावर.

तर, ती जेवते. सुरुवातीला नुसतं चिवडायची, आता मागून घेते. शाळेतून आली की दुकानात माझ्याजवळ असते. सध्या एक मोठा सोफा मढवायला आलाय, त्याचं कापड काढून ठेवलंय. ही उघड्या स्प्रिंगांवर बसून डुलते आणि गिऱ्हाईक आलं की माझ्या आधी सांगते, “हा विकायचा नाहीये, हा आजारी आहे.”

तू तिला मुंगी म्हणतेस ते खोटं नाही. सहा वर्षांची झाली तरी नजर कायम जमिनीवर. मागच्या भिंतीशी, नळाच्या बाजूला, फरशीच्या फटीतून रुईचं झाड आलंय. माजलं होतं, म्हणून परवा विळा घेऊन गेले तर ही आडवी.

“मावशी, थांब. तिथे कोणीतरी राहतं.”

बघते तर पानाच्या मागे सुरवंट. पांढरे, काळे, पिवळे पट्टे, स्वेटर घातल्यासारखा. म्हटलं, याला गुलाबाच्या कुंडीत ठेवू. ठेवला. तो पानाला तोंड लावेना. कुंडीच्या काठाकाठाने नुसता फिरत राहिला, घर हरवल्यासारखा. हिने तोंड एवढंसं केलं. शेवटी परत रुईवर ठेवला तेव्हा खायला लागला. यांना म्हणे रुईशिवाय काही चालतच नाही.

आता मी त्या झाडाच्या फांद्या तोडून जुन्या बादल्यांत लावल्या आहेत. रुईचा कापूस आमच्या धंद्यात पूर्वी उशांत भरायचे, तेवढीच माझी तिची ओळख. हौसेने रुई लावणारी मी पहिलीच असेन. तुझी लेक माझ्याकडून आणखी काय काय करवून घेणार आहे कोण जाणे.

आली बघ, ओल्या पायांनी. थांबते.

तुझी ताई

१९ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं, मग पुन्हा जिन्यात बसून वाचलं. ‘हा आजारी आहे’ला एवढी हसले की वरच्या मजल्यावरच्या बाई ओरडल्या, “कोण हसतंय तासाला?” त्या मुख्याध्यापिका होत्या. वृद्धाश्रमात आल्या तरी त्यांच्यासाठी हा वर्गच आहे आणि मी नवी मुलगी. रोज सकाळी मी त्यांचे केस विंचरते आणि त्या माझी नखं तपासतात. काल शाबासकी मिळाली.

काम जमतंय. उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं. कधीकधी एखाद्या आजीच्या तोंडाशी चमचा नेताना माझंच तोंड उघडतं, मुंगीला भरवताना व्हायचं तसं. राहायची खोली चौघींत आहे, प्रत्येकीला एक कॉट आणि एक कपाट. मुलांना आणायचं नाही असा नियम आहे, तो दारावरच लिहिलाय. येता-जाता वाचावा लागतो.

पण ताई, रुई? आई आपल्याला तिच्या जवळसुद्धा जाऊ देत नसे. चीक डोळ्यात गेला की डोळा जातो म्हणायची. तू सांभाळशील हे मला ठाऊक आहे, तरी लिहिलं. रागावू नकोस.

आणि एक खरं सांग. ती माझी आठवण काढते का? मला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहू नकोस.

छोटी

६ एप्रिल

छोटे,

आधी चिकाचं. नियम ठरलाय. रुईला हात लावायचा तो मी सोबत असतानाच, आणि रबरी मोजे घालून. तिच्या मापाचे मिळाले नाहीत, म्हणून माझेच मनगटाला रबरबँड लावून घालते. सर्जन दिसते अगदी. मग साबण, आणि तोवर डोळ्याला हात नाही. हे सगळं ती मला पाढ्यासारखं म्हणून दाखवते आणि वर मलाच धरते, “तू मघाशी नाक खाजवलंस.”

बादल्यांतल्या सगळ्या फांद्या जगल्या. रुईला फार पाणी लागत नाही, ऊन लागतं, ते मागच्या भिंतीवर रग्गड. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पडला होता, बारीक किड्यांचा. औषध मारलं तर सुरवंटही जातील, म्हणून आम्ही दोघी रविवारभर ओल्या फडक्याने एकेक शेंडा पुसत बसलो. मला गिऱ्हाइकांच्या खुर्च्या पुसायला वेळ नाही आणि मी झाडं पुसते आहे!

आणि काल आमच्याकडे फुलपाखरू झालं. शब्द तिचाच, ‘झालं’. पहिला सुरवंट भिंतीच्या कोपऱ्यात उलटा लटकला होता, त्याचा कोष झाला, हिरवा, वर सोन्याचे ठिपके. काल सकाळी तो काचेसारखा झाला आणि फाटला. ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं. मुंगी शाळेत गेली नाही. मी पाठवलीही नाही. दुपारपर्यंत त्याचे पंख ताठ झाले. केशरी, टोकाला काळे. आणि उडालं.

“आता ते परत येईल?”

“येईल की, अंडी घालायला.”

“आणि अंड्यांजवळ बसेल?”

म्हटलं, “नाही गं. फुलपाखरं बसत नाहीत. आई पानावर अंडी घालते आणि उडून जाते. पान असलं की पिल्लांचं भागतं.”

तिने मोज्याच्या बोटाने एक पान उलटून पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “पान म्हणजे तू.”

मला एवढं हसू आलं! पान तर पान. नाहीतरी दिवसभर मला कोणी ना कोणी कुरतडतच असतं.

तू विचारलंस ना? काढते आठवण. काळजी करू नकोस.

तुझी ताई

२२ एप्रिल

ताई,

हसू आलं तुला?

मी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि दिवसभर काम केलं. संध्याकाळी एका आजोबांचे पाय पुसताना एकदम रडायला लागले. ते बिचारे म्हणत राहिले, “पाणी गार असलं तरी चालेल गं.”

‘आई अंडी घालते आणि उडून जाते.’ हे तू माझ्या मुलीला सांगितलंस. तिने त्यातून काय घ्यायचं ते घेतलं, आणि तू ते मला गंमत म्हणून लिहून पाठवलंस. मी उडून आले नाही, ताई. तूच मला बसमध्ये बसवून दिलंस, डबा हातात दिलास आणि म्हणालीस, जा, मी आहे. तिचे बाबा गेल्यावर दुसरं काय करण्यासारखं होतं ते मला सांग, मी अजून ते करते.

तुला टोमणाच मारायचा होता तर सरळ मारायचा होतास.

२३ एप्रिल

काल रागाने लिहिलं. फाडणार होते, पण मग पुन्हा तेच लिहिलं असतं. असू दे. तुला कळू दे. मुंगीला माझा पापा दे. ‘आईने पाठवलाय’ असं सांगून दे.

छोटी

५ मे

अगं वेडे,

मी फुलपाखराबद्दल बोलत होते. माझ्या डोक्यात फुलपाखराशिवाय काही नव्हतं, शप्पथ. टोमणे मारायचे असते तर सरळ मारले असते, लहानपणी मला एवढे चांगले यायचे, ते विसरलीस का? तुझं पत्र वाचून मी माझं वाक्य आठवून पाहिलं तेव्हा घाम फुटला. चुकलं. आता तिला सांगितलंय की काही आया दूर जाऊन काम करतात आणि न्यायला येतात. ती म्हणाली, “फुलपाखरं?” म्हटलं, “नाही, माणसं.”

पापा दिला. कोणी पाठवलाय तेही सांगितलं. तिने गाल पुसला नाही.

मधे चार दिवस तापाने फणफणली होती. आता ठणठणीत आहे. तुला तेव्हा कळवलं नाही, तू तिथे बसून काय करणार होतीस? तापात सारखी ‘आई, आई’ करत होती. तूच विचारलं होतंस ना, आठवण काढते का म्हणून? मग?

बादल्या आता भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहेत. पानांच्या मागे अंडी सापडतात, खसखशीच्या दाण्याएवढी. मुंगी ती भिंग लावून बघते. फुलपाखरं येतात, जातात. अंगणात कोणी ना कोणी असतंच.

जपून राहा. नखं साफ ठेव.

ताई

११ जुलै

ताई, ताई, ताई!

हे पत्र वाचताना आधी बस. मला दुसरी नोकरी मिळाली! याच शहरात, पण दवाखान्यात, फक्त दिवसाची पाळी. आणि खोली! माझी स्वतःची, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला रुंद कट्टा. मी त्यावर बसून पाहिलं, मुंगी सहज मावेल. खाली उतरून वळलं की शाळा. तिथल्या मोठ्या बाईंना भेटून आले, घेतो म्हणाल्या. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी मला जाताना ‘उत्तीर्ण’ असं म्हटलं आणि तोंड फिरवून बसल्या.

मी ऑगस्टच्या नऊ तारखेला येते आणि तिला घेऊन जाते.

हल्ली ती फोनवर येत नाही गं. ‘आई, मी पानं घालतेय, मावशीशी बोल,’ म्हणते आणि पळते. मी समजून घेते, लहान आहे. पण म्हणूनच आता एकही महिना घालवायचा नाही. आणि ऐक, तिला काही सांगू नकोस. मी येऊन सांगणार. तिचा चेहरा मला बघायचाय. एवढं माझ्यासाठी ठेव.

छोटी

१८ जुलै

छोटे,

बसले आणि वाचलं. आनंद झाला. खरंच झाला. तुझी खोली, तुझा कट्टा, सगळं डोळ्यांपुढे आलं.

आता माझं ऐक. तिला आधी सांगू या. मला सांगू दे, नाहीतर तूच फोनवर सांग. हळूहळू, रोज थोडं थोडं. पोरगी एकदम उचलायची नसते. फार तर तू चार दिवस आधी येऊन इथे राहा, आमच्यात मिसळ, मग ने.

हे का म्हणतेय ते आता लिहिलंच पाहिजे. ती मला आई म्हणते.

तापात ‘आई, आई’ करत होती ते मी तुला तुझी आठवण म्हणून कळवलं. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पण ताप उतरल्यावर डोळे उघडून, माझ्याकडे बघून, तिने तेच म्हटलं. मी म्हटलं, “मावशी.” दुसऱ्यांदा दुकानात, गिऱ्हाइकासमोर. तेव्हाही टोकलं. तिसऱ्यांदा नाही टोकलं. हातात दाभण होतं, समोर अर्धी शिवलेली गादी होती, आणि मी नुसतं “काय गं?” म्हणाले. त्यानंतर टोकायचं राहिलंच.

तिला तू माहीत आहेस. तुझा फोटो उशीशी असतो. फोटोतल्या तुला ती ‘लांबची आई’ म्हणते. यात कोणाचं काही हिरावून घेतलं असं तिला वाटत नाही, तिला दोन आहेत एवढंच. तुझ्याशी बोलताना मात्र मला मावशीच म्हणते.

मी तुझ्याकडून काही मागत नाही. फक्त हिसका देऊ नकोस.

ताई

२६ जुलै

ताई,

पत्र मिळालं. नऊ तारखेला दुपारी पोचते. तिला काही सांगू नकोस, ही विनंती नाही. बाकीचं समोरासमोर बोलू.

छोटी

१७ ऑगस्ट

छोटे,

तिचे डोळे कसे आहेत? फक्त एवढं कळव. पुढचं वाचू नकोस हवं तर.

तुझा फोन वाजतो आणि बंद होतो. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणि तिचा धुतलेला फ्रॉक घेऊन आले तर कॉट रिकामी. तिथली नर्स चादर बदलत होती. म्हणाली, “आई घेऊन गेली की पहाटेच्या बसने. तुम्ही कोण?” मी म्हटलं, “मी मावशी.” खूप महिन्यांनी तो शब्द तोंडातून काढला.

तू त्या दिवशी मागच्या अंगणात नव्हतीस, म्हणून जे पाहिलं ते लिहिते. तू तिला जेवताना सांगितलंस, ‘आपण उद्या माझ्याकडे राहायला जायचं.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि पान पुसून उठली. तुझा चेहरा फुलला. मला वाटलं, अरे, आपणच उगाच घाबरत होतो. मग आपण दोघी दुकानात गेलो आणि भांडलो. तू म्हणालीस, मी तिला तुझ्यापासून तोडली. मी म्हणाले, तुला मूल हवंय की त्याचा चेहरा बघायला हवाय? ते मी म्हणायला नको होतं. आपला आवाज मागे ऐकू जात असणार.

मी मागे गेले तेव्हा ती बादल्यांमध्ये बसली होती. फांद्या मोडलेल्या, सगळीकडून पांढरा चीक गळत होता. हातात मोजे नाहीत. रडली असणार, दोन्ही मुठींनी डोळे चोळत होती. मला म्हणाली, “सगळीकडे धूर का झालाय?” दुखत नव्हतं गं तिला. म्हणून ती चोळतच राहिली. मी नळाखाली डोकं धरलं, तुला हाक मारली. पुढचं तुला माहीत आहे.

मोजे नळाजवळच्या खिळ्यावर असतात. त्या दिवशी नव्हते. अजून सापडले नाहीत. तिने जायचं नाही म्हणून रागाने झाडं मोडली असतील, असंच मला वाटतं. दवाखान्यात सगळ्यांसमोर तू म्हणालीस, ‘तू माझ्या पोरीच्या वाटेत विष लावलंस.’ झाडं मीच लावली होती.

डोळ्यांचं कळव.

ताई

७ सप्टेंबर

छोटे,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते. सोबत तिचा स्वेटर आहे, तिकडे थंडी लवकर पडते असं तू म्हणाली होतीस.

रुई काढून टाकली. बादल्या उलट्या केल्या, भिंतीशी होतं ते मूळ कुदळीने खणलं. हात थांबवले असते तर पुन्हा झालं नसतं, म्हणून एका दमात केलं. सगळा ढीग कचऱ्याच्या गाडीत टाकला आणि अंगण धुऊन काढलं.

सुरवंट माझ्या लक्षातच आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ते भिंतीवर होते. ढिगातून कसे निसटले कोण जाणे, बरेच होते. भिंतभर वर जायचे, खाली यायचे. काही फरशीच्या फटीपाशी, झाड होतं तिथे, गोळा झाले होते. मी रस्त्याने शोधत निघाले. रिकाम्या जागेत रुई असायची एरवी कुठेही, आता नेमकी दिसेना. स्टेशनामागे एक रोपटं मिळालं तोवर संध्याकाळ झाली होती. ते उपटून आणलं. थोडे त्यावर चढले. बाकीच्यांनी खाल्लं नाही, तेवढी ताकद राहिली नव्हती. जे चढले, तेही त्या रोपट्याची चार पानं संपवून पुन्हा भिंतीवर आले.

हे तुला का सांगते आहे? दुसरं कोणाला सांगू? दुकानात येणाऱ्या माणसांना खुर्च्यांची काळजी असते.

तू मला शिव्या दे, पण लिही.

ताई

१ ऑक्टोबर

ताई,

डावा डोळा स्वच्छ झालाय. उजव्यात थोडं धुकं आहे. डॉक्टर म्हणतात, हळूहळू कमी होईल, अगदी पूर्ण जाईल असं सांगता येत नाही. वाचता येतं तिला. पुस्तक थोडं तिरकं धरते.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. मी ती उघडली नव्हती. त्या दिवशी घाईत दवाखान्यात नेलेलं मुंगीचं दप्तर परवा शाळेसाठी रिकामं केलं आणि मग पत्रं उघडली.

दप्तरात तळाशी तुझे रबरी मोजे होते. मी विचारलं, हे कशाला आणलेस? ती म्हणाली, “मावशीला लागतील ना इथे.”

ताई, ती रागाने झाडं मोडत नव्हती. ती प्रवासाची पानं भरत होती. इथे रुई मिळेल की नाही माहीत नाही, म्हणून बुटांच्या खोक्यात सुरवंट आणि त्यांची पानं घ्यायची होती. मोजे आधीच दप्तरात घातले होते, विसरायला नकोत म्हणून. मी ‘आपण जायचं’ म्हटलं होतं. तिच्या ‘आपण’मध्ये तू होतीस. म्हणून ती ‘बरं’ म्हणाली. आणि रडत होती ती आपण भांडत होतो म्हणून.

आता जे लिहिणार आहे ते वाचून तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

डॉक्टर सोडत नव्हते. इथल्या मोठ्या दवाखान्यात दाखवते असं सांगून, सही करून मी तिला बाहेर काढलं. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. बसमध्ये बसल्याबरोबर तिने विचारलं, “मावशी कुठे बसली?” मला वाटलं, आता ही रडेल, पट्टी ओढेल. मी म्हटलं, “मागे.”

“तिला खिडकी मिळाली?”

“मिळाली.”

तिने सीटवरून मागे हात केला. मागे एक अनोळखी बाई होत्या. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तो हातात घेतला. मुंगी बराच वेळ तशीच बसली. मग माझ्या कानात म्हणाली, “मावशीचा हात मऊ झालाय.” आणि झोपली.

मी तो हात सोडवला नाही, ताई. खरं सांगितलं नाही. दिवसभराचा प्रवास होता, आणि दिवसभर मी तिला ‘मावशी झोपलीय’, ‘मावशी पाणी पितेय’ असं सांगत राहिले.

इथे पट्टी काढली तेव्हा तिने आधी डॉक्टरांना पाहिलं, मग मला, मग दाराकडे. नंतर घरी आल्यावर विचारलं, “मावशी मधेच कुठे उतरली?” मी म्हटलं, “बस जेवायला थांबली होती ना, तिथे. काम निघालं तिचं.”

ती रडली नाही. आरडाओरडा नाही, हट्ट नाही. शाळेत जाते, जेवते. पण रोज खिडकीच्या कट्ट्यावर बसून विचारते, “तिथून तिला बस मिळाली असेल का?” काल म्हणाली, “तिच्याकडे तर डबापण नव्हता.”

मी काय सांगू तिला? मला ‘ये’ असं तुला म्हणायला हवं, ते कळतं. पण मी म्हणत नाहीये. तू आलीस तर ती तुझ्याकडे धावेल आणि पुन्हा माझ्याकडे वळून बघणार नाही, याची मला इतकी भीती वाटते की ते एक अक्षर लिहवत नाही.

माझी पोर आहे ती. आणि मला तिचं काहीच कळत नाही.

छोटी

८ ऑक्टोबर

छोटे,

तुझं पत्र वाचून मी दाभण खाली ठेवलं आणि दुकान बंद केलं. राग आला. एवढा आला की तुझं तोंड बघायचं नाही असं ठरवून टाकलं. मग त्या मऊ हाताच्या बाईंचं पुन्हा वाचलं आणि तुझ्या शेजारी त्या बसमध्ये मीच बसले आहे असं वाटायला लागलं. तू एकटीने तो दिवस कसा काढलास गं?

डोळ्याचं कळवलंस, उपकार झाले. पुस्तक तिरकं धरते तर धरू दे, ओरडू नकोस.

‘ये’ म्हणाली नाहीस ते बरं केलंस. म्हणाली असतीस तर मी आलेच असते. आणि मग तुझी भीती खरी झाली असती. मी तेव्हा तिला टोकलं नाही तसं आताही टोकलं नसतं. म्हणून येत नाही. या वर्षी नाही, कदाचित पुढच्याही नाही. फोनवर मी मावशी असेन. ती दुसरं काही म्हणाली तर मी ‘मावशी’ म्हणेन, प्रत्येक वेळी म्हणेन. तू बाजूला बसून ऐक हवं तर.

पण एक आधी कर. हे पत्र वाचलंस की आजच कर. तिला सांग, मावशी बसमध्ये नव्हती. मधेच उतरली हे तिच्या डोक्यात राहिलं तर ती आयुष्यभर त्या थांब्यावर मला शोधत राहील. मी तिला सोडून उतरले असं तिला वाटेल. कामासाठी उतरले, डब्याशिवाय. तिला सांग, मी मागे बसलेलीच नव्हते, मी दवाखान्यात तिच्यासाठी दूध घेऊन आले होते आणि तुम्ही निघाला होतात. तिला तुझा राग येईल. येऊ दे. तू घाबरू नकोस, राग आला तरी ती तुझ्याकडेच राहणार आहे, आणि तू सकाळी तिची वेणी घालणार आहेस, रोज.

सुरवंटांचं मात्र सांगू नकोस. विचारलं तर मावशीला विचार म्हण. ते माझ्याकडे राहू दे.

सांगताना मांडीवर घेऊ नकोस. तिला उठून जाता आलं पाहिजे. ती कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसेल. बोलावू नकोस, समजूत घालू नकोस, तू तुझं काम करत राहा. भांडी थोडी वाजव, म्हणजे तू आहेस हे तिला कळतं. मग एका बशीत दोन बिस्किटं घे, तिच्यामागे जमिनीवर ठेव आणि परत ये. वळून बघू नकोस.

ती खाते.

ताई